मढच्या टॉवरची तात्पुरती गाय आणि मी

मी शॅकल बोलतोय.

नाव ऐकून बिचकू नका. माझं रूप तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. घोड्याचा नाल घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना भोकं पाडा आणि त्या भोकांतून एक जाड दांडी आरपार घाला, की झालो मी. ती दांडी म्हणजे माझी पिन. पिन काढली की माझं तोंड उघडतं, पिन आवळली की मिटतं. एकदा मिटलेलं तोंड कुणी हाताने पिन फिरवल्याशिवाय उघडत नाही. दोन दोर, दोन साखळ्या किंवा एक तार आणि एक खुंट यांना एकमेकांशी बांधून ठेवायचं, एवढंच माझं काम. काम छोटं आहे. पण माझ्या एका टोकाला कधी कधी माणसांचे जीव टांगलेले असतात.

माझा जन्म घणाखाली झाला. लालबुंद तापवलेली पोलादाची कांडी साच्यात ठेवली आणि वरून अजस्र घणाचे घाव बसू लागले. पहिल्या घावाला मी वाकलो, दुसऱ्या घावाला आकार आला, नंतरचे घाव मात्र माझं अंग आतून घट्ट करत गेले. मग लाल असतानाच बुडवून मला पाणी दिलं, कडक केलं. मग पुन्हा हलकंच तापवलं, म्हणजे कडकपणाबरोबर अंगात थोडा चिवटपणाही राहील. नुसता कडक माणूस आणि नुसतं कडक लोखंड, दोघंही एका झटक्यात मोडतात.

शेवटी माझ्या अंगावर ठसा उमटवला. सव्वातीन टन. मी सुखरूप पेलू शकेन असा हा भार. आमच्या जातीत हे गोंदणच म्हणा ना! बायकांचं गोंदण देवाघरापर्यंत सोबत जातं म्हणतात, माझंही तसंच.

तिथून मी पुण्याला, भवानी पेठेतल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात आलो. माझ्याबरोबर माझे सात-आठ भाऊ होते, एकाच भट्टीचे, एकाच घणाचे. आम्ही दिसायला राखाडी, खरबरीत. आमच्या शेजारच्या खणात दुसरे शॅकल होते. काय त्यांची चकाकी! तोंड बघून घ्यावं असे लखलखीत. ते घणाखालून आलेले नव्हते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून त्यांना बनवलं होतं आणि वरून चांदीसारखा मुलामा दिला होता. त्यांच्या अंगावर ठसा नव्हता. गिऱ्हाईक यायचं, त्यांना हातात घ्यायचं, खूश व्हायचं आणि घेऊन जायचं. आमच्यावर धूळ साचत गेली.

मी स्वतःशी म्हणायचो, बाबा रे, या जगात गोंदण वाचणारा कोणी आहे की नाही?

नव्वदीच्या दशकातल्या एका चैत्रात ती वाचणारी आली.

तिचं नाव वैजयंती. जुन्नरच्या पश्चिमेला, मढच्या वरच्या डोंगरात भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातली मुलगी. पुण्यात राहून तिने डिप्लोमा केला होता आणि मढच्या एका सेवाभावी दवाखान्यात ती वायरलेस सांभाळायची. तेव्हा त्या डोंगरात फोन नव्हता. वाड्यावस्त्यांवर दवाखान्याने छोटे वायरलेस संच ठेवले होते, आणि दवाखान्याच्या आवारातल्या उंच, सडपातळ टॉवरवरून त्या सगळ्यांचा आवाज एकमेकांपर्यंत पोचायचा. कुणाला साप चावला, कुणी कड्यावरून पडलं, की त्या टॉवरमुळेच जीप निघायची.

तिच्याबरोबर रामनाथ होता. त्याचं आयुष्य टॉवर चढण्यात आणि उतरण्यात गेलं होतं.

दुकानदाराने तिच्यापुढे चकचकीत शॅकल ठेवला. "ताई, हा घ्या. दिसायलाही बरा आहे आणि परवडतोही."

वैजयंतीने तो उलटासुलटा करून पाहिला. "याच्यावर भार कुठे लिहिलाय?"

"शॅकलवर कोण वाचत बसतंय?"

"मी वाचते," ती म्हणाली.

दुकानदाराने नाइलाजाने मला खाली काढलं. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली, ठसा वाचला आणि मला रामनाथच्या हातात दिलं. रामनाथने पिन फिरवून पाहिली, नखाने माझ्या अंगावर कुठे चीर लागते का ते चाचपलं आणि मान हलवली. "ह्यो गडी खरा हाय."

दुकानातले आम्ही सगळे भाऊ त्या दिवशी एका गोणपाटात बसून नारायणगावमार्गे मढला निघालो. आपल्याला निवडलं गेलं, ही भावना काय असते ते त्या दिवशी कळलं.

मढला आमची गरज का पडली ते सांगतो.

तो टॉवर इतका सडपातळ की स्वतःच्या पायावर उभा राहूच शकत नाही. तीन बाजूंनी जमिनीत पक्के खुंट रोवलेले, आणि त्या खुंटांपासून टॉवरपर्यंत तिरक्या तारा ताणलेल्या. या तारांना कामावरची माणसं 'गाय' म्हणतात. शब्द इंग्रजीच, पण डोंगरातल्या लोकांना तो ऐकून हसू आवरत नसे.

गुडघ्याचं औषध न्यायला आलेली ठकूबाई एकदा टॉवरखाली थांबली. वरच्या वस्तीवरची ही म्हातारी जिभेने भारी तिखट. "वैजे, तुमी टावरला गायी बांधल्यात म्हन. मंग दूध किती देत्यात?"

"आवाज देतात आजी," वैजयंती म्हणाली. "तुमच्या वस्तीवरून मारलेली हाक इथपर्यंत येते ती या गायींमुळेच."

"आसं व्हय! मंग चारा टाका बरं येळच्या येळी."

म्हातारी चेष्टेत बोलली, पण एक गाय खरोखरच आजारी होती. पूर्वेकडच्या खुंटाभोवतीची माती वैजयंतीने उकरून पाहिली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. जमिनीच्या वर धडधाकट दिसणारी लोखंडी सळई मातीखाली गंजून करंगळीएवढी उरली होती. वळवाचा वारा येतो तो पूर्वेकडून. त्या बाजूची तार सुटली तर टॉवर पश्चिमेला कोसळणार, आणि पश्चिमेला दवाखान्याचं छप्पर होतं. त्या छपराखाली रोगी होते.

नवा खुंट घालायचा तर जुना काढावा लागणार. नवं काँक्रीट मुरेपर्यंत त्या बाजूच्या तारा धरणार कोण? त्यासाठी शेजारी एक तात्पुरता खुंट आणि त्याला बांधलेल्या तात्पुरत्या तारा हव्या होत्या. थोडक्यात, तात्पुरती गाय. आणि त्या गाईचं दावं म्हणजे आम्ही.

खोदाईचं आणि काँक्रीटचं काम सावळेरामने घेतलं होतं. हा आंबेगाव तालुक्यातला, निरगुडसरचा बागायतदार. ट्रॅक्टर बाळगून होता, जोडीला ठेकेदारी करायचा. मनाने मोठा, आणि घाईने त्याहून मोठा. तो आला तोच ट्रॉलीत सगळं सामान घालून. त्यात हुक असलेले ताणकस होते, म्हणजे फिरवलं की तार आवळणारे, दोन्ही टोकांना उघडे आकडे असलेले. आणि शॅकलही होते. मी वाकून पाहिलं. तेच! भवानी पेठेतले चकचकीत!

"ताई, तुमी कशाला पुन्याला हेलपाटा घातला?" सावळेराम म्हणाला. "म्या समदं आनलंय. ह्ये आकडं माज्या ट्रॉलीला लई वर्सं हायेत. ऊस भरून वढत्यात, कंदी दगा न्हाई दिला."

"सावळेरामभाऊ, ट्रॉलीचा आकडा सुटला तर ट्रॉली जागच्या जागी थांबते. हा सुटला तर टॉवर थांबणार नाही."

"आवो पन थोड्याच दिसांचं तर काम! कायमचं थोडंच हाय?"

"वारा विचारत नाही, तात्पुरतं आहे की कायमचं."

सावळेराम हसला, पण पटलं नव्हतं त्याला. तेव्हा वैजयंती म्हणाली, "भांडत बसण्यापेक्षा बघूयाच ना. तुमचा एक आणि माझा एक, एकाच तारेत जोडू. ट्रॅक्टर तुमचाच."

दवाखान्यामागच्या माळावर एक प्रचंड कातळ होता. त्याला जाड तार गुंडाळली. तारेला माझा एक भाऊ जोडला, भावाला तो चकचकीत, आणि चकचकीताला ट्रॅक्टरची लांबलचक तार. दोघांवर ओढ अगदी सारखीच येणार होती. वैजयंतीने दोघांवर वाळूची पोती टाकायला लावली आणि बघ्यांना दगडी गडग्यामागे पिटाळलं. "पुढे कुणी आलं तर मी बंद करीन," तिने दम भरला.

सावळेरामने हळूहळू ट्रॅक्टर पुढे घेतला. तार ताठ झाली. चाकं माती उडवू लागली. मी गोणपाटातून पाहत होतो आणि माझ्या भावासाठी माझा जीव खालीवर होत होता. अशी परीक्षा म्हणजे एकदाच.

कडाड्!

पोती उडाली. वाळू फवाऱ्यासारखी वर गेली. धूळ बसल्यावर सावळेराम उतरून धावत आला. माझा भाऊ तारेत तोंड मिटून तसाच पडला होता. चकचकीताचे दोन तुकडे झाले होते. सावळेरामने एक तुकडा उचलला. मोडलेली बाजू गुळाच्या ढेपेसारखी दाणेदार होती.

त्याने त्या दाण्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आयला! ह्येच्या जिवावर मी मागल्या साली इहिरीतनं दगडांची म्होट उचलली व्हती, खाली चार मानसं हुबी आसताना."

आता मला वाटलं, तारेत टिकलेल्या भावाची टॉवरवर वर्णी लागणार. पण वैजयंतीने त्याला बाजूला ठेवला. "एवढा झटका खाल्लेला शॅकल टॉवरवर नाही लावायचा. आतून काय झालंय ते डोळ्यांना दिसत नाही." तो भाऊ तिने सावळेरामला नांगराच्या कामासाठी देऊन टाकला आणि टॉवरसाठी मला उचललं. माझ्या वाट्याला आलेला मान त्याने मिळवून दिलेला होता.

आकड्यांवरून मात्र वाद मिटला नाही.

"आकडा तर आस्सल हाय. त्यो मोडायचा न्हाई," सावळेराम म्हणाला.

"मोडणार नाही, मान्य. पण तार सैल पडली तर निसटेल."

"ताणल्याली तार सैल कशापायी पडंल?"

"वाऱ्यात पडते."

हे काही तिला तिथल्या तिथे दाखवता येईना. तिने आकडे नाकारले, एवढंच. आकड्यांच्या जागी तिने पिनीने बंद होणारे ताणकस आणवले. सावळेराम पुटपुटत आपले आकडे घेऊन गेला आणि त्याने आपल्या कामगारांसाठी घातलेल्या ताडपत्रीच्या मांडवाला ते लावून टाकले. "हितं तरी चालत्यात नव्हं?"

पण माती कळावी ती सावळेरामलाच. तात्पुरता खुंट कुठे घ्यायचा ते त्याने पहारीचा आवाज ऐकून ठरवलं. घट्ट मुरमात खोल खड्डा घेतला, त्यात ऐनाचा मोठा ओंडका आडवा पुरला, ओंडक्याला गुंडाळलेली जाड साखळी वर काढली आणि खड्डा दगड-मुरमाने ठासून भरला. त्या साखळीच्या कडीत माझी पिन गेली. दुसऱ्या अंगाला ताणकस आणि पुढे टॉवरच्या तारा. रामनाथने माझी पिन आवळली आणि ती आपोआप फिरू नये म्हणून तिच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून माझ्या अंगाशी पीळ घातला. वैजयंतीने तो पीळ स्वतःच्या हाताने चाचपला. त्यानंतरच जुना खुंट सोडला.

त्या क्षणी पूर्वेचा सगळा ताण माझ्या अंगावर आला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं वजन कळलं.

"काँक्रीट मुरेपर्यंत टॉवरवर कुणी चढायचं नाही," वैजयंतीने सांगितलं. "आणि वारा सुटला की रोग्यांना शाळेत हलवायचं."

थोडे दिवस शांततेत गेले. मग वैशाखातल्या एका दुपारी पूर्वेचं आभाळ काळंनिळं झालं. पाखरं खाली उतरली. माळावरचं वाळलं गवत एकाएकी आडवं झालं.

डॉक्टरांनी रोगी शाळेत हलवले. सावळेरामने कामगारांना गडग्याच्या आडोशाला बसवलं. दवाखान्यात कुणीही उरलं नाही. आणि वारा आला.

काय सांगू तो वारा! मढच्या डोंगरात वारा नुसता वाहत नाही, तो कड्यांवर आपटून परत येतो. एक झपाटा आला की टॉवर पश्चिमेला झुके आणि माझी पिन कण्हू लागे. झपाटा ओसरला की टॉवर परत येई, आणि तार सैल पडे. सैल, मग ताठ. पुन्हा सैल, पुन्हा ताठ. प्रत्येक ताठ होण्याबरोबर माझ्या अंगातून हिसका जाई. मी तोंड घट्ट मिटून होतो.

तेवढ्यात दवाखान्याच्या खिडकीतून वायरलेसची खरखर ऐकू आली. मागोमाग एका बाईचा आवाज. "मढ, मढ... कुनी हाय का? मढ!"

तो सोनीबाईचा आवाज होता. सोनीबाई म्हणजे वैजयंतीची आई. वरच्या वस्तीवरचा संच तीच सांभाळायची, औषधंही तीच द्यायची.

वैजयंती गडग्यामागून उठली. रामनाथने तिचा हात धरला. "वैजू, जाऊ नको. खोली टावरच्या बराबर खाली हाय."

"आई उगाच हाक मारणार नाही, काका."

"आन् टावर आला म्हंजी?" सावळेराम ओरडला.

तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मला आठवतंय. मग म्हणाली, "ते सामान मीच निवडलंय भाऊ. माझाच भरवसा नसेल तर दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने त्याखाली झोपायला सांगू?"

आणि ती वाकून धावत आत गेली.

आतलं बोलणं मला नंतर रामनाथच्या तोंडून कळलं. वस्तीवर ठकूबाईला लाल विंचू चावला होता. पेरणीआधी बांधाचे ढासळलेले दगड रचत होती म्हातारी, दगडाखाली तो बसलेला. घामाने निथळत होती, छातीत धडधड, हातपाय गार पडत चाललेले. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, वेळ घालवून चालत नाही. दवाखान्याची जीप तेव्हा माळशेजच्या वाटेवर होती. तिच्यात एक संच आणि औषधाची पेटी होती, डॉक्टरांचा मदतनीस होता. वैजयंतीने जीपला हाक दिली. ती हाकही याच टॉवरवरून जायची होती.

"मढवरून जीपला. वरच्या वस्तीवर जा. विंचू, लाल. ठकूबाई. कळलं का? पुन्हा सांगते..."

बाहेर त्याच वेळी सगळ्यांत मोठा झपाटा आला.

टॉवर झुकला, इतका झुकला की रामनाथने डोळे मिटून घेतले. मी ताणलो. ओंडका मुरमात करकरला, साखळी ताठ झाली, आणि माझ्या अंगातला घणाचा एकेक घाव जणू जागा झाला. मग वारा अचानक पडला आणि टॉवर उसळून परत आला. तार सैल पडली, ढिली होऊन लोंबली. त्याच सैल क्षणी पलीकडे सावळेरामच्या मांडवाचा आकडा कडीतून अलगद निसटला. मोडला नाही, वाकला नाही, नुसता निसटला. पुढच्या झपाट्याने ताडपत्री पतंगासारखी उडाली आणि आंब्याच्या झाडात जाऊन अडकली.

सावळेरामने आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी तार पुन्हा ताठ झाली होती. माझं तोंड मिटलेलंच होतं.

"सुटला! बिगर मोडता सुटला!" तो रामनाथला गदागदा हलवून ओरडू लागला. "आन् ह्यो बघ, ह्यो ऱ्हायला! आरं, ह्यो ऱ्हायला!"

आत खिडकीपाशी वैजयंती जीपचं उत्तर ऐकत होती. "समजलं. वळलो. वस्तीकडं निघालो."

वाऱ्याने आणखी दोन-तीन वेळा जोर करून पाहिला आणि मग टॉवरचा नाद सोडला. जाडजाड थेंब पडले, थांबले. टॉवर उभा होता. सरळ, आभाळात बोट रोवून.

संध्याकाळी सोनीबाईचा निरोप आला. जीप वेळेत पोचली, औषध मिळालं, ठकूबाईचे हातपाय ऊनऊन झाले. दवाखान्याबाहेर सगळी माणसं संचाच्या खिडकीभोवती कोंडाळं करून बसली होती. तेवढ्यात पलीकडून सोनीबाईला बाजूला सारून एक थकलेला, पण तोच तिखट आवाज आला.

"वैजे, ठकूबाई बोलतीया. गाय पान्हवली गं तुझी!"

अशी टाळ्यांची आणि हसण्याची लाट उठली की शाळेतले रोगी बाहेर आले. वैजयंती हसत होती आणि डोळे पुसत होती. सावळेराम माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, बैलाच्या ठेवावा तसा.

काँक्रीट मुरलं. नवा खुंट तयार झाला. तारा त्याच्यावर गेल्या. मला सोडवलं तेव्हा गावाने नारळ फोडला आणि ठकूबाईने, स्वतः चालत येऊन, मला हळदकुंकू लावलं. शॅकलच्या नशिबी असं कितीदा येतं?

पुढची वर्षं माझी भरभराटीची. सावळेराम पार बदलून गेला. ठसा नसलेलं सामान तो आवारात येऊ देईना. नव्या शतकात ओतूर, मंचर, नारायणगाव, जिकडे तिकडे मोबाइलचे टॉवर उगवले आणि तात्पुरत्या तारांच्या कामाला सावळेरामला बोलावणी येऊ लागली. रामनाथ आणि मी दोघंही त्याच्याबरोबर फिरलो. वस्तीवस्तीवर फोन गेले तेव्हा मढच्या टॉवरचं काम संपलं. त्याला उतरवायलाही मीच होतो. एकही तुकडा न आदळता, म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवावं तसं आम्ही त्याला खाली आणलं.

मग रामनाथने काम सोडलं, आणि मी निरगुडसरला सावळेरामच्या पेटीत पडून राहिलो. माणसाच्या सवयी विचित्र असतात. ज्या वस्तूचं कौतुक करतात, तिलाच कुठल्याही कामाला जुंपतात. सावळेराम गावाला गेला असताना त्याच्या एका गड्याने चिखलात रुतलेला उसाचा ट्रक काढायला मला वापरलं, तेही आडवं धरून. मी सरळ ओढीसाठी जन्मलेला. आडव्या ओढीने माझे कान, म्हणजे पिनीची भोकं असलेली दोन टोकं, किंचित फाकले. कुणाला कळलं नाही. मला पुसून पुन्हा पेटीत ठेवलं गेलं.

दोन हजार नऊच्या सुमाराला निरगुडसरच्या बायकांनी एक धाडस करायचं ठरवलं. स्वतःचं रेडिओ केंद्र! पिकांची, बाळंतपणाची, शाळेची, बाजाराची माहिती आपल्या बोलीत आपणच सांगायची. त्यासाठी टॉवर उभा करायचा होता. कायमच्या तारा लागेपर्यंत त्याला तात्पुरत्या तारांनी धरायचं होतं. वैजयंती तेव्हा अवसरी खुर्दच्या कॉलेजात शिकवत होती. ती आपल्या विद्यार्थिनींना घेऊन आली.

सावळेरामने मोठ्या अभिमानाने पेटी उघडली. केस पिकले होते त्याचे, घाई तेवढी तशीच होती. सामान निवडण्याचं काम वैजयंतीने तेजस्विनी नावाच्या मुलीवर सोपवलं होतं. ती एकेक शॅकल उचलायची, ठसा वाचायची, पिन फिरवायची, मापायची.

माझी पाळी आली. वैजयंतीने मला ओळखलं. मढच्या ताणकसाने माझ्या पाठीवर घासून पाडलेली खूण तिला पाठ होती. पण तिने तेजस्विनीला तिचं काम करू दिलं.

तेजस्विनीने पिन फिरवली. पिन अडकली. तिने माझ्या दोन कानांमधलं अंतर मापलं, पुन्हा मापलं, आणि मला बाजूला ठेवलं. "हा नको."

सावळेराम उसळलाच. "आगं पोरी, ह्यो कोन हाय ठावं हाय का? मढच्या वादळात टावर धरलाय ह्येनं! वाघ हाय ह्यो!"

तेजस्विनीने सावळेरामकडे पाहिलं. मग मला पुन्हा हातात घेऊन म्हणाली, "असेल काका. पण आता याचे कान फाकलेत. उद्या टॉवरखालच्या मांडवात बायका बसणारेत. मी नाही लावणार."

सावळेरामने आशेने वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं.

"तिचं बरोबर आहे भाऊ," ती म्हणाली.

"मंग मला द्या. देव्हाऱ्यात ठिवतो आठवन म्हनून."

"नको. आठवण म्हणून ठेवलेली वस्तू अडीनडीला कुणीतरी वापरतंच. कापून टाकू."

तुम्हाला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. खरं सांगू? वादळात टॉवर धरला तेव्हासुद्धा माझी छाती इतकी भरून आली नव्हती. ज्या दुकानात आमचं गोंदण कुणी वाचत नव्हतं तिथून निघालेला मी, आणि आज एक तरुण मुलगी सगळ्या गावासमोर, माझ्या सगळ्या कीर्तीसमोर, न डगमगता मला 'नको' म्हणाली. माझ्या जातीला याहून मोठा जय नाही.

टॉवर उभा राहिला, नव्या राखाडी शॅकलांच्या बळावर. बायकांनी पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली तेव्हा सुरुवातीला नुसतं हसणंच ऐकू आलं, सगळ्याजणी एकदम हसत होत्या. मग साळुबाई नावाच्या एकीने घसा खाकरला आणि म्हणाली, "आमी निरगुडसरवरून बोलतोय. ऐकू येतंय का?" रानारानांतून, ओट्याओट्यांवरून उत्तर आलं, "येतंय!"

आता मी एका पोत्यात आहे, दोन तुकड्यांत. तेजस्विनीनेच कापलं मला, चष्मा लावून, नीट. उद्या भंगाराची गाडी येईल, पुढे भट्टी आहे, आणि भट्टीच्या पुढे पुन्हा घण. त्या घणाची मला भीती नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. उंचावर काही बांधाल, कुणाच्या डोक्यावर काही टांगाल, तेव्हा चकाकीवर भुलू नका. ठसा वाचा, तोंड मिटतंय का बघा, आणि शंका आली तर माझ्यासारख्या नावाजलेल्यालाही खुशाल बाजूला ठेवा. मला आनंदच होईल.

बरं, येतो.